दिव्यातलं तळं

सिग्नलला थांबलो होतो तेव्हा एका दुचाकीवाल्याने काचेवर टकटक केली. अशा वेळी माझ्या मनात नेहमी दोनच शंका येतात: दार नीट लागलं नसेल, नाहीतर मागचं चाक बसलं असेल. काच खाली केली. हेल्मेटच्या आतून तो ओरडला, "काका, मागच्या दिव्यात पाणी भरलंय. ब्रेक मारलात की हिंदकळतंय!" सिग्नल सुटला, तो निघून गेला. मला त्यातला 'काका' जास्त लागला, त्यामुळे पाण्याचं घरी पोचेपर्यंत विसरलो.

संध्याकाळी गाडी लावून मागे गेलो तर खरंच. उजव्या टेललाइटच्या तळाशी चांगलं बोटभर पाणी साचलं होतं. लाल काचेमागे असल्याने सरबतासारखं दिसत होतं. इंडिकेटरचा बल्ब कमरेपर्यंत बुडाला होता आणि एक मुंगी तरंगत होती. गाडीला हाताने जरा धक्का दिला तर आत एक छोटी लाट उठली, काचेवर आपटली आणि परत फिरली.

मी किती दिवस हे पाणी घेऊन हिंडत होतो कोण जाणे. मागचा दिवा हा गाडीचा असा भाग आहे की चालवणाऱ्याला तो कधी दिसतच नाही. तो आपल्यासाठी नसतोच मुळी, मागून येणाऱ्यासाठी असतो. रस्ते वाहतुकीच्या १९६८ सालच्या व्हिएन्ना करारात म्हटलंय की मागचे लाल दिवे रात्री स्वच्छ हवेत किमान ३०० मीटरवरून दिसले पाहिजेत. ३०० मीटरवरच्या त्या माणसाला माझी गाडी कशी दिसते, याचा विचार मी इतक्या वर्षांत एकदाही केला नव्हता.

पहिले काही दिवस मी जे केलं त्याला सभ्य भाषेत 'निरीक्षण' म्हणतात. म्हणजे काहीच केलं नाही. सुकेल की आपोआप! ऊन पडलं की काचेला आतून घाम सुटायचा, बारीक थेंब जमायचे, आणि मला वाटायचं की पाणी उडून चाललंय. ते उडत होतं हे खरं, पण जात कुठेच नव्हतं. दुपारी तळातून उठायचं, छताला लागायचं आणि रात्री ओघळून पुन्हा तळाशी. सगळं चक्र त्या डबीतल्या डबीत.

"दिव्यात थोडं दव धरतंच, काळजी करू नका," असं पुष्कळ लोक सांगतात. तेही खोटं नाही. पण दव किती धरेल, याला हिशेब आहे. ३० अंश सेल्सिअसला हवा पूर्ण दमट असली तर एका घनमीटरात साधारण ३० ग्रॅम बाष्प मावतं. माझ्या दिव्यात हवा मावणार फार तर दोन लिटर. म्हणजे त्या हवेतलं सगळंच्या सगळं बाष्प पिळून काढलं तरी निघणार ०.०६ ग्रॅम, जेमतेम एक थेंब. काचेच्या एका कोपऱ्यात धुकं धरलंय, दिवे लावून थोडं फिरलं की जातंय, तर तो हा एक थेंब. त्याच्या वाटेला जाऊ नये. पण तळाशी पाणी उभं राहिलं, थेंब मोजता येण्याइतके मोठे झाले, तर ते हवेतून आलेलं नाही. ते कुठून तरी शिरलंय.

हा हिशेब मला फार उशिरा सुचला. त्याआधी मी सिलिकॉनची ट्यूब आणली होती.

सिलिकॉन लावणं हा एक मोह आहे. बोटाने ओढलेली ती गुळगुळीत रेघ बघून आपल्याला काहीतरी जमतंय असं वाटतं. बल्ब बसतो तो होल्डर काढून पाणी ओतून दिलं आणि दिवा गाडीवरच ठेवून, तो आणि पत्रा यांच्यामधली सगळी फट भरून टाकली. मग डिकी उघडून आतलं झाकण काढलं, हाताला लागतील त्या बल्बच्या होल्डरांभोवती फासलं. तिथेच दिव्याच्या पाठीवर करंगळीएवढी एक रबरी नळी दिसली, कोपरासारखी वाकलेली, तोंड खाली. कशालाच जोडलेली नाही. मला वाटलं, सापडला चोर! उघडी नळी, पाणी इथूनच येत असणार. तिच्या तोंडात चांगला गोळाभर सिलिकॉन कोंबला. सगळ्या डिकीला व्हिनेगरसारखा आंबूस वास सुटला होता, पण मी खूश होतो.

पुढच्या आठवड्यात पाणी पूर्वीपेक्षा वर चढलं.

तेव्हा कुठे मी या प्रकरणाकडे नीट बघायला लागलो. कायम शाईचा मार्कर घेतला आणि काचेवर पाण्याच्या पातळीची रेघ मारली, बाजूला तारीख. धरणाच्या भिंतीवर असते तशी. पहिली रेघ मारली आणि नंतर दोन दिवस गाडी जागची हलली नाही. त्या दोन दिवसांत पाऊस थांबला नव्हता. पाणी रेघेला चिकटून बसलेलं, केसभरही वर नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दिवे लावून तासभर गाडी चालवली, वाटेत ऐन रहदारीत पंधरा मिनिटं ब्रेकवर पाय ठेवून उभा होतो, आणि घरी येऊन गाडी लावतोय तोच सर आली. सकाळी पाणी रेघेच्या नखभर वर. दुसरी रेघ. मग असंच पुन्हा झालं आणि तिसरी, चौथी. उभ्या गाडीवर कितीही पाऊस पडो, काही नाही. तापलेल्या गाडीवर पडला की पाणी वाढतं.

दिवा पाणी पीत होता.

यात भुताटकी काही नाही, शाळेत शिकलेलंच आहे. ब्रेकचा साधा बल्ब २१ वॅटचा असतो. त्यातली बहुतेक वीज उजेडापेक्षा उष्णतेतच जाते. डबीतली हवा तापते, फुगते, जिथून वाट मिळेल तिथून थोडी बाहेर पडते. मग वरून गार पाणी पडतं, हवा आकसते आणि आत ओढ निर्माण होते. ६० अंशांची हवा २५ अंशांवर आली तर तिचा दाब सुमारे दहा टक्क्यांनी उतरतो. दहा टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, पण ही ओढ जवळजवळ एक मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ पेलण्याइतकी असते. दोन लिटरच्या दिव्याला दोनशे मिलिलिटरची तूट भरून काढायची असते. फटीवर त्या क्षणी हवा असेल तर हवा येईल, पाण्याचा पापुद्रा असेल तर पाणी.

आणि उभ्या गाडीत पाणी का शिरत नव्हतं? सरबताच्या नळीवर वरून बोट दाबलं की खालचं पाणी जागेवर अडकून राहतं, तसंच. आतली हवा बाहेर पडायला दुसरी वाट नसेल तर बारीक फटीतून पाणीही आत येत नाही. दुसरी वाट होती. ती मीच बुजवली होती.

ती कोपरासारखी रबरी नळी म्हणजे दिव्याचं नाक. हवा आत-बाहेर करायला मुद्दाम ठेवलेलं. तोंड खाली आणि वाकडं अशासाठी की उडालेलं पाणी वळणावर अडावं. टेललाइट ही हवाबंद डबी असते असा माझा समज होता. तशी ती बनवतच नाहीत, कारण तापणारी वस्तू पूर्ण बंद केली की ती स्वतःचेच सांधे ताणून उसवते. बऱ्याच नव्या दिव्यांत नळीऐवजी एक पांढरी टिकली चिकटवलेली असते, कागदाच्या तुकड्यासारखी. ती कागद नसून ताणलेल्या टेफ्लॉनचा पडदा असतो. त्याची भोकं इतकी सूक्ष्म की हवा आणि वाफ पार होते, पाण्याचा थेंब होत नाही. टेफ्लॉन असा झटक्यात ताणता येतो हे बॉब गोर या अमेरिकन माणसाला १९६९ मध्ये सापडलं. घाम बाहेर सोडणारे आणि पाऊस आत न घेणारे महागडे रेनकोट निघाले ते त्याच्यातूनच. म्हणजे माझ्या गाडीच्या दिव्याचं नाक मी दाबून धरलं होतं, आणि तो बिचारा कुठल्या तरी जखमेतून श्वास घेत होता.

ती जखम शोधायची होती. तेवढ्यात दुसरंच नाटक सुरू झालं. उजवा इंडिकेटर दिला की मागचा लाल दिवाही त्याच्या तालावर मिणमिणायला लागला. ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद पेटायचा. गाडीत कुणी तरी दिवाळी मांडली होती. याचं कारण बहुधा बिघडलेलं अर्थिंग असतं. एका दिव्यातले सगळे बल्ब परतीची एकच तार वापरतात. तिच्या सांध्यावर गंज चढला की वीज अडते आणि शेजारच्या बल्बच्या तारेतून आडवाटेने घरी जायला बघते. होल्डर बाहेर काढला तर पितळी पट्ट्यांवर हिरवा थर चढला होता. पाण्याने चढला हे तर आहेच, पण त्या आंबूस वासाच्या सिलिकॉननेही हातभार लावला. तो सुकताना ॲसेटिक ॲसिड सोडतो आणि ते तांब्या-पितळेला खातं. विजेच्या वस्तूंजवळ वापरायला 'न्यूट्रल क्युअर' लिहिलेला वेगळा सिलिकॉन मिळतो, त्याला असा वास येत नाही. दुकानात दोन्ही शेजारी शेजारी असतात. मी स्वस्त तो उचलला होता.

एका रविवारी दिवा उतरवला. काम तसं सोपं आहे. डिकीतलं अस्तर बाजूला सारायचं, तीन नट दहाच्या पान्याने सोडवायचे, प्लग काढायचा, दिवा सरळ मागे ओढायचा. माझा तिसरा नट हातातून निसटून पत्र्याच्या आत कुठे गेला तो आजतागायत वळणावर किणकिणतो. शिवाय माझी सिलिकॉनची रेघ सुरीने कापायला लागली आणि त्यात पत्र्याचा थोडा रंग गेला. हे सगळं आधी केलेल्या दुरुस्तीचं व्याज.

दिवा हातात घेतल्यावर तो किती साधा आहे हे कळतं. पुढे लाल-पांढरी काच, जिला आपण काच म्हणतो पण असतं ॲक्रिलिक. मागे काळ्या प्लॅस्टिकची डबी. दोन्ही कडा तापवून वितळवतात आणि एकमेकींवर दाबतात, झाला सांधा. हेडलाइट बऱ्याचदा डिंकासारख्या चिकट पट्टीवर बसवलेला असतो, तो गरम करून उघडता येतो. टेललाइट बहुतेक वेळा असा जन्मभरासाठी जोडलेला. उघडायचा म्हणजे कापायचाच. त्यामुळे जे काही करायचं ते बाहेरून आणि बल्बच्या भोकांतून.

फट डोळ्यांना दिसेना. नळीतला सिलिकॉन टाचणीने उकरून काढला, होल्डर परत घट्ट बसवले, नळीला तोंड लावलं आणि दिवा पाण्याच्या बादलीत कडेपर्यंत धरून हळू फुंकर मारली. पंक्चर काढतात तसंच. एक बाजू कोरडी. खालची कड, काही नाही. दिवा फिरवून वरचा आतला कोपरा बुडवला आणि मोहरीएवढ्या बुडबुड्यांची एक माळ सुटली. पुन्हा फुंकर, पुन्हा माळ. सांध्याच्या रेषेतच दोन सेंटिमीटरची चीर होती. नख फिरवल्यावर लागत होती, बघितल्यावर नव्हती.

ती जागा डिकीच्या झाकणाच्या कडेखाली, पत्र्याआड येते. छतावरचं सगळं पाणी ज्या पन्हाळीतून खाली उतरतं, बरोबर तिथे. दिवा गाडीवर असताना तिथपर्यंत माझी सिलिकॉनची रेघ पोचणंच शक्य नव्हतं. मी जिथे पाणी दिसत होतं तिथे, म्हणजे खाली, सगळ्यात जास्त फासलं होतं. गळणाऱ्या छताबद्दल लोकांना मीच सांगतो की डाग जिथे दिसतो तिथे भोक नसतं म्हणून.

चीर कशी पडली? आदल्या वर्षी गाडी मागे घेताना खांबाला टेकली होती. उतरून बघितलं होतं, ओरखडासुद्धा नव्हता, आणि मी "काही झालं नाही" असं मोठ्याने जाहीर केलं होतं. शिवाय ॲक्रिलिक उन्हात चांगलंच वाढतं. हातभर लांबीची काच सकाळ ते दुपार ४० अंशांनी तापली तर मिलिमीटरच्या आसपास लांबते. रोज लांबणार, रोज आखडणार. एकदा केसाएवढी चीर पडली की ती तेवढीच राहत नाही.

सुकवण्याच्या बाबतीत मी आणखी एक शहाणपणा केला. होल्डरच्या भोकातून तारेला गुंडाळलेलं कापड घालून आतून पुसायला गेलो. चांगलं पुसलं जातंय असं वाटत असतानाच कापडावर चंदेरी डाग दिसले. आतला आरशासारखा भाग ही प्लॅस्टिकवर निर्वातात चढवलेली ॲल्युमिनियमची वाफ असते, एका मायक्रॉनपेक्षाही पातळ. ओल्या कापडाने ती अशी निघते जशी फुलपाखराच्या पंखावरची भुकटी. बोटाएवढा काळा पट्टा कायमचा राहिला. त्याला हातच लावायला नको होता. होल्डर काढून, भोकं खाली करून, दिवा कोरड्या खोलीत दोन दिवस ठेवला की काम होतं. हेअर ड्रायर जवळून मारायचा मोहही आवरावा. ॲक्रिलिक शंभर अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं आणि काच एकदा लाटेसारखी वाकडी झाली की ती सरळ होत नाही.

खाली ड्रिलने भोक पाड म्हणजे पाणी निघून जाईल, असंही मला दोघा-तिघांनी सांगितलं. चेष्टा करण्यासारखा हा सल्ला नाही. कित्येक जुन्या दिव्यांना तळाशी अशी भोकं बनवतानाच ठेवलेली असत. पण त्यातून धूळ येते, किडे येतात, आणि मुख्य म्हणजे शिरण्याची वाट तशीच राहते. पाणी येणार, पट्ट्या गंजवणार आणि मग सभ्यपणे निघून जाणार. अडीअडचणीला महिनाभर चालेल. आख्खा दिवाच एलईडीचा असेल तर मात्र ड्रिल मुळीच चालवू नये. भोकाच्या वाटेत सर्किट असू शकतं. एलईडीची तऱ्हा तशीही वेगळी. उष्णता फारशी पुढे काचेकडे येत नाही, त्यामुळे धरलेलं धुकं चटकन हटत नाही आणि लोक उगाच घाबरतात.

चिरेच्या दोन्ही बाजूंना बारीक पॉलिश पेपरने घासून, दोन नळ्यांतून पिळून कालवतात तो इपॉक्सी वरून बसवला आणि चोवीस तास हात लावला नाही. हे चोवीस तास सगळ्यात अवघड गेले. मध्ये होल्डरच्या पट्ट्या घासून लख्ख केल्या, अर्थिंगचा सांधा नवा केला. दिव्यामागे फोमचं एक पॅकिंग असतं, दिवा आणि पत्रा यांच्यामध्ये, ते पापडासारखं चपटं झालं होतं. ते बदललं. त्याचा दिव्यातल्या पाण्याशी संबंध नाही, ते डिकीसाठी असतं. संशय आला म्हणून स्टेपनी उचलून बघितली तर खालच्या खळग्यात पाण्याचं डबकं आणि जॅकवर गंज. वरच्या अस्तराला पत्ताच नव्हता.

दिवा बसवताना नट हाताने फिरतील तेवढे फिरवून वर पान्याने जेमतेम पाव फेरा दिला. जास्त आवळलं की प्लॅस्टिकला आपणच नवीन चीर पाडतो. नळीचं तोंड खाली आहे ना, हे दोनदा पाहिलं.

मग दिवे लावून अर्धा तास गाडी तापवली आणि पाण्याचा पाइप धरला. घरातून विचारणा झाली की रात्री नऊ वाजता गाडी का धुतोय. मी टॉर्च घेऊन वाकून बसलो होतो. काचेच्या वरच्या कोपऱ्यात नखाएवढं धुकं आलं, थोडा वेळ राहिलं. खाली कोरडं.

त्या चार रेघा आणि तारखा मात्र काचेवर तशाच आहेत. कायम शाई साबणाने निघत नाही, स्पिरिट लागतं, आणि स्पिरिटने ताणात असलेल्या ॲक्रिलिकवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा पडतात. थिनरचं तर नावच काढायला नको. परवा सिग्नलला पुन्हा एकाने काचेवर टकटक केली. "काका, मागच्या दिव्यावर कुणीतरी काहीतरी लिहून ठेवलंय."

"मीच लिहिलंय," म्हटलं.